राणीछाप रुपयाचा काचेतला मुक्काम

पैसा जिवंत असतो तोवर त्याच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. तो घेतला जातो, दिला जातो, दगडावर वाजवला जातो आणि कमरेला खोचला जातो. तो मेला म्हणजे मात्र त्याला काचेच्या कपाटात ठेवतात, खाली चिठ्ठी लावतात, आणि त्याला पाहण्यासाठी लोक दुसरा, जिवंत पैसा मोजतात. जगातल्या सगळ्या नाणे-संग्रहालयांचा पाया हाच आहे. नंदुरबारचं संग्रहालयही याच पायावर, म्हणजे तापीकाठ सहकारी पेढीच्या पुढच्या दालनात, उभं आहे. या संग्रहालयाचा मानद चिटणीस या नात्याने, भेट देऊ इच्छिणाऱ्या सभ्य स्त्रीपुरुषांच्या सोयीसाठी मी ही माहिती लिहून ठेवत आहे. (मानद म्हणजे पगार नाही. टांग्याचं भाडं मिळतं, पण माझं घर समोरच असल्यामुळे तेही मिळत नाही.)

संग्रहालय का काढलं, हे पाहुणे पहिल्यांदा विचारतात. पेढी स्थापन होऊन तीन वर्षं झाली होती. कचेरी होती, लोखंडी तिजोरी होती, पितळी गजांची खिडकी होती, खिडकीमागे बन्सीलाल नावाचा रोखपाल होता. फक्त ठेवीदार नव्हता. नंदुरबारच्या माणसाजवळ पैसा नाही असं मुळीच नाही. तो चुलीखाली आहे, भिंतीत आहे, धान्याच्या कणगीत आहे, म्हशीच्या गव्हाणीखाली आहे. एका घरी तर तो सासऱ्याच्या उशीत होता आणि सासऱ्याला वाटत होतं की आपली मान आखडली आहे. पेढीत तेवढा नव्हता.

त्या सुमारास पेढीचे अध्यक्ष श्री. हिंमतराव पाटील मुंबईला कवळी करून घ्यायला गेले. दंतवैद्य दात करत होता तेवढे दिवस अध्यक्षांना चावण्यासारखं काहीच काम नव्हतं, म्हणून त्यांनी मुंबईतली संग्रहालयं पाहिली. परत आले ते दात आणि कल्पना घेऊन. दोन्ही बसायला थोडा वेळ लागला. कल्पना अशी होती, की आजोबांचा खुळेपणा काचेत मांडलेला पाहिला म्हणजे माणसाला स्वतःच्या खुळेपणाची लाज वाटते, आणि लाज वाटलेला माणूस सरळ पेढीत येऊन पैसे ठेवतो. संचालक मंडळाला हा विचार इतका पटला की कोणी काही बोललंच नाही.

सन १९४० च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन झालं. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, म्हणून हा मुहूर्त. त्यांना झोक्यावरून उतरवून आणण्यासाठी दवंडी द्यावी लागली, पण आल्या. प्रवेश फी एक पैसा. दारात बंदूकवाला इंद्रसिंग उभा केला. (बंदुकीत गोळी नाही. ती अध्यक्षांच्या घरी असते. हे कृपया बाहेर सांगू नये.) रात्रभर कंदील जळत राहील अशीही व्यवस्था केली.

प्रदर्शनीय वस्तू पुढीलप्रमाणे मांडल्या होत्या. आधी कवड्या, एक वाडगाभर. यांनी पूर्वी भाजी मिळत असे, आता सारीपाट खेळता येतो. मग शिवराई आणि ढब्बू पैसे. त्यापुढे चांदवडी रुपया. मग एक हुंडी, म्हणजे एका सावकाराने दुसऱ्या गावच्या सावकाराला 'या माणसाला इतके द्या' असं लिहिलेला कागद. (या वस्तूवर काच बसवलेली नाही. कारण अक्षर असं आहे की चोराला वाचता येणार नाही आणि ज्याला वाचता येईल त्याला चोरी करण्याची गरज नाही.) त्यानंतर म्हसावदच्या एका शेतात नांगराला लागलेला फुटका हंडा, ज्यावर आम्ही 'अज्ञानाचा हंडा' अशी चिठ्ठी लावली होती. ज्याच्या शेतात तो सापडला तो गृहस्थ उद्घाटनाला आला, हंड्यासमोर बराच वेळ उभा राहिला, आणि त्यातला पैसा कोणत्या कपाटात ठेवला आहे ते विचारू लागला. हंडा रिकामाच मिळाला होता असं मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पाहून असं वाटलं की अज्ञान आमच्याकडे आहे.

सर्वांत उपदेशपर वस्तू होती चुलीची प्रतिकृती. खऱ्या मापाची, मातीची, आणि तिचा एक दगड सैल ठेवलेला. तो उचलला की खाली बायका रुपये कसे पुरतात ते दिसे. बायकांनी ही वस्तू मनापासून पाहिली. दगड विस्तवाच्या फार जवळ आहे, इथे रुपया काळा पडेल, शिवाय दगड हलतो हे कोणालाही कळेल, अशा सूचना त्यांनी केल्या. त्यानंतर गावातल्या बऱ्याच चुली नव्याने, पण सुधारलेल्या पद्धतीने, घातल्या गेल्याचं समजतं. संग्रहालयामुळे ज्ञानप्रसार होतो तो असा.

पहिल्या महिन्यातल्या प्रेक्षकांची मी नोंद ठेवली. ज्ञानार्जनासाठी आलेले सात. सावलीसाठी आलेले एकशे बारा. इंद्रसिंगची बंदूक पाहायला आलेले याहून पुष्कळ. अक्कलकुव्याहून बाजाराला आलेले काहीजण गाडी चुकली म्हणून आत आले, आणि गाडी आली तरी गेले नाहीत. पेढीत ठेव ठेवणारे शून्य. हा आकडा स्थिर होता आणि स्थिरता हा पेढीचा पहिला गुण मानला जातो.

आता खातूनबीविषयी सांगणं भाग आहे.

खातूनबी ही पिंजारवाड्यातल्या बशीरभाईची बायको. बशीरभाई कापूस पिंजतो, ती गाद्या आणि गोधड्या शिवते. हातानेच. तिच्या अंगठ्याला सुई टोचून टोचून तिथे आता सुईच वाकते असं बशीरभाई कौतुकाने सांगतो. तिला शिलाईचं पायमशीन घ्यायचं होतं. बाजारपेठेतला शिंपी सुरतेला जाणार होता, लढाईमुळे तिकडे गणवेशांचं काम निघालं होतं, आणि तो आपलं जुनं मशीन साठ रुपयांना द्यायला तयार होता. दुकान आवरेपर्यंत तो थांबणार होता. खातूनबीजवळ पन्नासच्या वर राणीछाप रुपये चुलीखाली जमले होते, उरलेले गोधड्या शिवून जमवायचे होते. राणीछाप म्हणजे राणी व्हिक्टोरियाचं तोंड असलेला चांदीचा रुपया. लोकांचा त्या तोंडावर फार विश्वास. पुढच्या राजांची तोंडं त्यांना अजून ओळखीची वाटत नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी खातूनबी आली आणि तिने सगळं पाहिलं. काच पाहिली, कुलूप पाहिलं, कंदील पाहिला, बंदूक पाहिली. प्रत्येक वस्तूवर 'वस्तू कोणाची' अशी चिठ्ठी असते ती कोणाकडून तरी वाचून घेतली. मग तिने मला विचारलं,

"भाऊ, आठे ठेवं तं माले मन्हा रुपया रोज दखातीन का?"

मी म्हणालो, दिसतील, एक पैसा तिकीट काढलं की.

"आनि वर मन्हं नाव लिखशात?"

मी म्हणालो, ठळक अक्षरांत. पण बाई, रुपये ठेवायचे तर शेजारच्या खिडकीत ठेवावेत, ती पेढी आहे. तिने पितळी गजांतून आत बसलेल्या बन्सीलालकडे पाहिलं. बन्सीलाल आशेने उठून उभा राहिला.

"तठे कसाले देऊ?" ती म्हणाली. "तठे रुपया दिधा का मांगे अंधारमा जास. हातमा रव्हस ते पुस्तक. पुस्तक काय माले रुपया दखाडी का?"

बन्सीलाल पुन्हा बसला.

मी यावर बराच विचार केला आणि मला तिच्या बोलण्यात चूक सापडली नाही. मी नियम पाहिले. कोणाही नागरिकास आपली वस्तू प्रदर्शनासाठी ठेवता येईल, असा नियम होता. तिने दुसऱ्या दिवशी रुपये आणले, चुलीच्या काजळीसकट. आम्ही ते पुसून लाल मखमलीवर मांडले, वर 'खातूनबी बशीर पिंजारी, नंदुरबार' अशी चिठ्ठी लावली. नाव माझ्या हातचं आहे. चांगलं आलं आहे.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना अध्यक्षांच्या कल्पनेतही नव्हती. आधी पिंजारवाडा आला, मग रंगारी आले, मग तापीकाठच्या गावांतले शेतकरी बैलगाड्या घेऊन आले. चुलीखालचे, भिंतीतले, गव्हाणीखालचे रुपये भराभर मखमलीवर येऊन बसू लागले. कपाटं कमी पडली, शहाद्याहून सुतार आणावा लागला. बाजाराच्या दिवशी माणसं रांग लावून, एक पैसा देऊन, आपापला रुपया पाहून जात. लेकराला कडेवर घेऊन दाखवत. काहींनी नवस बोलल्याचंही ऐकिवात आहे. पेढीच्या खिडकीत मात्र माशी फिरकत नव्हती. तरी तिकिटांचं उत्पन्न इतकं झालं की त्या वर्षी पेढीने प्रथमच नफा जाहीर केला, आणि सभासदांत 'उत्तम कारभार' या शब्दांचा वापर झाला.

याच सुमारास, दिवाळीच्या आधी, सरकारचं फर्मान निघालं की राणीछाप रुपया मार्चअखेर चलनातून बंद होणार. एप्रिलपासून बाजारात कोणी घेणार नाही. सरकारी खजिन्यात मात्र सप्टेंबर संपेपर्यंत बदलून मिळेल, आणि त्यानंतर नंदुरबारात त्याची किंमत चांदीच्या तुकड्याएवढी, म्हणजे रुपयातले सहा आणे गेले असं समजावं. अध्यक्षांनी आपल्या घरचे राणीछाप दिवाळीच्या आठवड्यातच, गावात गाजावाजा न करता, धुळ्याला नेऊन बदलून घेतले. त्यांनी ते संग्रहालयात कधी ठेवलेच नव्हते. स्वतःच्या वस्तूंना ऐतिहासिक महत्त्व देणं त्यांच्या विनयात बसत नाही.

खातूनबी आली.

"भाऊ, राणीछाप बंद व्हई ऱ्हायना. मन्हा रुपया काढी द्या. शिंपी मशीन इकी देई कोनले तरी."

हा प्रश्न मी व्यवस्थापन कमिटीपुढे रीतसर मांडला. कमिटीने दोन बैठका घेतल्या आणि जो ठराव केला तो मी स्वतः लिहिला आहे, म्हणून सांगतो की तो निर्दोष आहे. राणीछाप रुपया आज, म्हणजे ठरावाच्या दिवशी, चालू पैसा आहे. चालू पैसा म्हणजे इतिहास नव्हे. नियम चारप्रमाणे इतिहास नसलेली कोणतीही वस्तू या संग्रहालयात असू शकत नाही. म्हणून सदर बाईंचे रुपये या संग्रहालयात नाहीत. जे इथे नाहीत ते परत देण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ठराव मी तिला वाचून दाखवला. ती कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "त्या काय शेतस मंग?"

मी म्हणालो, ते दिसतात. दिसणं आणि असणं यांत कायद्याने फरक आहे.

बशीरभाई तिच्याबरोबर होता. तो गरीब माणूस आहे, त्याचा आवाज कधी कापसाच्या वर चढत नाही. तो एवढंच म्हणाला, "मी तुले सांगं व्हतं, चुलखाले बरा व्हतात." आणि दोघं गेली. तिकीट त्यांनी काढलं होतं हे इथे नमूद करतो.

ती दर बाजाराला येत राहिली. इतरही येत, पण इतरांचं निराळं होतं. पेढीने त्यांना 'इतिहासाचे आश्रयदाते' असं छापील पत्र दिलं होतं आणि पुष्कळांनी ते भिंतीवर लावलं होतं. पाटलांच्या एका सुनेने तर माहेरी कळवलं की सासरचे रुपये काचेत आहेत. खातूनबीला पत्र नको होतं. तिला मशीन हवं होतं. ती तिकीट काढी, कपाटापुढे उभी राही, मग माझ्या टेबलापुढे उभी राही. मी नियम सांगे. ती ऐकून घेई आणि पुढच्या बाजाराला पुन्हा येई. खरं सांगायचं तर मला तिचा राग येऊ लागला. समजावून सांगितलेली गोष्ट समजूनही न समजल्यासारखं करणारी माणसं चिटणिसाचं आयुष्य कमी करतात.

एप्रिल उजाडला. राणीछाप मेला. कमिटीने तातडीची बैठक घेऊन दुखवट्याऐवजी अभिनंदनाचा ठराव केला, कारण एका रात्रीत आमच्या बहुतेक सगळ्या वस्तू खरोखरच्या ऐतिहासिक झाल्या होत्या. असा योग कोणत्याही संग्रहालयाच्या वाट्याला क्वचित येतो. खातूनबी आली तेव्हा मी तिला नियम नऊ वाचून दाखवला. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू कोणत्याही कारणाने संग्रहालयाबाहेर जाऊ शकत नाही.

तिने कपाटातल्या रुपयांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तवय सांगं, रुपया जित्ता शे म्हनीसन आठे नही. आते सांगतस, मरी गया म्हनीसन देता येस नही. भाऊ, मधमा एक रात तं व्हती ना? त्या राते तुम्ही कोठे व्हतात?"

त्या रात्री कमिटीची गणपूर्ती झालेली नव्हती, असं मी उत्तर दिलं. ते खरं होतं.

मे महिन्यात पेढीने खिडकी बंद करण्याचं ठरवलं. उत्पन्न सगळं संग्रहालयाचं, मग पेढीवर दिवाबत्तीचा खर्च कशाला? पण खिडकी सुंदर होती, पितळी गज नुकतेच घासले होते, आणि बन्सीलालची नेमणूक कराराने पुढच्या वर्षापर्यंत होती. तेव्हा सर्वानुमते खिडकी, टेबल, तिजोरी आणि बन्सीलाल संग्रहालयात सामील करण्यात आले. चिठ्ठी अशी: 'पेढी, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. रोखपालासह. हात लावू नये.' बन्सीलालला दहा ते पाच खिडकीमागे बसायचं होतं, म्हणजे पूर्वी बसायचा तसंच. फरक एवढाच पडला की आता त्याला पाहायला माणसं येऊ लागली. तो मला एकदा म्हणाला, "पितांबरभाऊ, तीन वरीसमा माले कोनीच देखं नही. आते पोरं दगड मारतस." मी गजांना जाळी बसवून दिली.

प्रेक्षकांची एकच तक्रार होती. हा माणूस काय करतो ते कळत नाही. तो बसतो हे दिसतं, पण बसून काय?

पावसाळा सरता सरता पत्र आलं. धुळ्याहून सहकार खात्याचे एक साहेब संग्रहालय पाहायला येणार होते, आणि त्यांना आवडलं तर अनुदान मिळणार होतं. अध्यक्ष उभे राहून म्हणाले की साहेबांपुढे पेढीचं प्रात्यक्षिक झालं पाहिजे. जुन्या काळी ठेवीदार खिडकीशी कसा येत असे, पैसे कसे मागत असे आणि रोखपाल ते कसे मोजून देत असे, हे हुबेहूब दाखवायचं. कमिटीने टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी विचारलं, ठेवीदार कुठून आणायचा?

पेढीला ठेवीदार कधी मिळालाच नव्हता, त्यामुळे ठेवीदार कसा असतो हे कोणाला माहीत नव्हतं. आम्ही एका संचालकाला उभं करून पाहिलं, पण तो पैसे मागताना कर्ज मागितल्यासारखा दिसे. दुसऱ्याला सवयीने हसू येई. शेवटी मीच सुचवलं की आपले पैसे परत मागण्याचा अखंड सराव या गावात एकाच व्यक्तीला आहे. मी पिंजारवाड्यात गेलो आणि खातूनबीला चार आणे कबूल केले.

ती गोधडी शिवत होती. शिंपी अजून गेला नव्हता, सामान बांधून बसला होता, हे तिनेच सांगितलं. सप्टेंबर संपायला थोडे दिवस राहिले होते, हेही तिनेच सांगितलं. मग तिने विचारलं, "रुपया कोनता देशात? खोटा?"

मी म्हणालो, कथलाचे करून घेऊ. पण कमिटीपुढे हा विषय निघाला तेव्हा बन्सीलाल खिडकीआडून बोलला. (वस्तूंनी बैठकीत बोलू नये असा नियम तेव्हा नव्हता. आता केला आहे.) तो म्हणाला की रोखपाल प्रत्येक रुपया दगडावर वाजवून देतो, कथील वाजत नाही, आणि साहेबांना कान असतात. अध्यक्षांना हे पटलं. रुपये खरे पाहिजेत, जुने पाहिजेत आणि मागणारीच्या नावचे पाहिजेत, नाहीतर प्रात्यक्षिक खोटं ठरेल. नियम नऊप्रमाणे वस्तू संग्रहालयाबाहेर जाऊ शकत नव्हती. पण कपाटापासून खिडकीपर्यंतची जागा संग्रहालयाच्या आतच आहे. मी नकाशा काढून खात्री करून घेतली.

साहेब आले. हार झाले. कवड्या, शिवराई, हंडा, चूल सगळं त्यांनी पाहिलं. मग मी घंटा वाजवली आणि खातूनबी खिडकीशी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. मी तिला वाक्य पाठ करून दिलं होतं, 'महाशय, माझी ठेव परत मिळावी.' ते वाक्य ती म्हणाली नाही.

"बन्सीभाऊ," ती म्हणाली, "मन्हा रुपया द्या."

एवढंच. पण साहेबांनी सिगारेट खाली केली. जवळजवळ वर्षभर मी तिच्या तोंडून हे ऐकत होतो आणि मला ते कधी ऐकू आलं नव्हतं असं क्षणभर वाटलं. (पावसाळी हवेत मला असं होतं.)

बन्सीलालने रुपये पुढे ओढले. एक उचलला, दगडावर टाकला, तो खणखणला. दुसरा उचलला. त्याने एकही रुपया घाईने टाकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो ज्या कामासाठी नेमला गेला होता ते काम करत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. इतकी आनंदी वस्तू मी कोणत्याही संग्रहालयात पाहिलेली नाही. मोजणी झाल्यावर त्याने रुपये गजांखालून सरकवले. तिने स्वतः पुन्हा एकेक वाजवून पाहिला, पदरात बांधले, गाठ मारली, गाठीवर गाठ मारली, आणि दाराकडे निघाली.

प्रात्यक्षिक इथे संपणार होतं. मी पुढे झालो. पण साहेबांनी माझा दंड धरला आणि मोठ्या कुतूहलाने विचारलं, "आता ती कुठे जाते?"

सरकारी प्रश्नाला उत्तर देणं भाग होतं. मी म्हणालो, "मूळ पद्धतीप्रमाणे, साहेब, ठेवीदार पैसे घेऊन आपल्या कामाला जातो."

"उत्तम!" साहेब म्हणाले. "अगदी खरं वाटतं."

दारात ती वळली. "भाऊ," ती मला म्हणाली, "चिठ्ठी ऱ्हाऊ द्या तठेच. नाव चांगलं लिखेल शे." इंद्रसिंगने प्रात्यक्षिकाचाच भाग समजून तिला सलाम ठोकला. रस्त्यापलीकडे मामलेदार कचेरी आहे आणि तिथेच सरकारी खजिना. ती सरळ तिथे गेली. बशीरभाई पायरीवर बसला होता, कधीपासून कोण जाणे. मी रस्त्याकडच्या खिडकीतून सगळं पाहत होतो आणि साहेब माझा दंड धरून अनुदानाविषयी बोलत होते.

संध्याकाळी पिंजारवाड्यातून मशीनचा खडखडाट ऐकू आला. मला आनंद झाला, हे लिहायला चिटणीस या नात्याने मला बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी दारापुढे अख्खं गाव जमलं. सगळ्यांना प्रात्यक्षिकात भाग घ्यायचा होता, चार आण्यांशिवाय, फुकट. कमिटीने ठराव केला की प्रात्यक्षिक पूर्ण यशस्वी झालं असून पूर्ण यशस्वी झालेली गोष्ट पुन्हा करण्याचं प्रयोजन नाही. मग सप्टेंबर संपला. बाकीचे रुपये आजही मखमलीवर आहेत, ज्याचे त्याच्या नावाखाली, आणि ज्याचे ते तिकीट काढून पाहून जातात. कोणी आरडाओरडा करत नाही. नंदुरबारचा माणूस समंजस आहे.

खातूनबीची चिठ्ठी आम्ही ठेवली. खाली रिकामी मखमल आहे. आश्चर्य असं की बाजाराच्या दिवशी सर्वांत जास्त गर्दी तिथेच होते. माणसं त्या रिकाम्या जागेकडे पाहत उभी राहतात, मागच्याने ढकलल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. रिकाम्या जागेला इतकी मागणी आहे हे लक्षात आल्यावर अध्यक्षांनी गेल्या महिन्यात एक मोठं कपाट रिकामंच करवून घेतलं आहे. शेवटच्या दालनात, डाव्या हाताला. साग उत्तम आहे, काच बसवून झाली आहे, मखमल ताणून झाली आहे.

वाचकहो, खातूनबीच्या शेजाऱ्यांना तुम्ही आतापर्यंत हसत होता, ते योग्यच आहे. त्यांनी आपला पैसा जिथे दिसतो तिथे ठेवला. तुम्ही शिकलेले, तुम्ही असं करत नाही. तुमच्या खिशात या क्षणी कागद आहे. त्यावर कोणाचं तरी तोंड आहे आणि कोणीतरी काहीतरी देण्याचं वचन लिहिलेलं आहे. ते वचन देणाऱ्याला तुम्ही कधी पाहिलेलं नाही आणि मागायलाही गेलेला नाहीत. ते कपाट त्या कागदासाठी आहे. तोंड बदललं तरी चालेल, माप सर्व तोंडांना पुरेल असं ठेवलं आहे. फर्मान अजून आलेलं नाही, पण फर्मानं आधी कळवून येत नसतात, आणि येतात तेव्हा बहुधा रात्री येतात.

चिठ्ठ्या लिहून तयार आहेत. फक्त नावाची जागा कोरी आहे. आलात की इंद्रसिंगला आपलं पूर्ण नाव सांगावं. स्पष्ट सांगावं, अक्षर माझंच असेल आणि ते चांगलं येईल.